किळस येते, विटाळ पाळतात

मराठीत किळस येते, शिसारी येते, ओकारी येते, वीट येतो, उबग येतो. या सगळ्या आपण होऊन येणाऱ्या गोष्टी. त्यांना कुणी बोलावणे धाडत नाही. डब्यात नासलेली भाजी निघाली किंवा गटाराचे झाकण उघडले, की अंग आपसूक मागे सरते. ठरवून ते थांबवता येत नाही आणि ठरवून आणताही येत नाही. विटाळाची क्रियापदे मात्र वेगळी आहेत. विटाळ होतो, लागतो, मानतात, धरतात, पाळतात, आणि आंघोळ केली की फिटतो. उकिरडा पाहून 'मला विटाळ आला' असे कुणी म्हणणार नाही, आणि 'आमच्याकडे किळस पाळतात' हे तर मराठी कानाला सहनच होत नाही. व्रत पाळतात, शब्द पाळतात, सुतक पाळतात. विटाळ त्या रांगेतला. क्रियापदांची ही साक्ष मी महत्त्वाची मानतो, कारण शब्दाचा अर्थ झाकता येतो, पण त्याच्यामागे कोणते क्रियापद चालते ते झाकायचे कुणाच्या ध्यानात येत नाही. माझे म्हणणे असे की, विटाळ हा मराठीतला तिरस्काराचा सर्वांत जहाल शब्द असला तरी तो मुळात घाणीचा शब्द नाही. घाणीशी त्याची सोयरीक जुळवली गेली, आणि त्या सोयरिकीमुळे माणसांनी केलेला एक नियम नाकाच्या आणि पोटाच्या नावावर, म्हणजे निसर्गाच्या नावावर खपला. हा फरक पोथ्यांत दिसतोच. पण पुण्याच्या पूर्वेला, हडपसर-मांजरीच्या शिवारात तो जितका उघड दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल.

आधी शब्दाकडे पाहू. विटाळाची सहज सुचणारी व्युत्पत्ती अशी की संस्कृतात विष्ठेला 'विट्' म्हणतात आणि त्यावरून विटाळ. हे खरे धरले तर शब्द घाणीचाच ठरतो आणि माझे म्हणणे पहिल्याच पायरीवर कोसळते. पण शब्दाचा अर्थ ठरवताना ध्वनीच्या सारखेपणापेक्षा जुन्या वापराला जास्त मोल द्यावे लागते. अणहिलवाड पाटणच्या हेमचंद्राने १२ व्या शतकात प्राकृत भाषांचे व्याकरण लिहिले. त्यातल्या अपभ्रंशाच्या भागात, अमुक संस्कृत शब्दाच्या जागी लोक कोणता देशी शब्द वापरतात अशी एक यादी आहे. 'शीघ्र'साठी तिथे 'वहिल्ल' आहे. आपल्या जुन्या मराठी काव्यातला 'वहिला' तोच. त्याच यादीत 'विट्टाल' आहे, आणि त्याच्यासमोर हेमचंद्राने मळ, विष्ठा, दुर्गंधी यांपैकी काहीही दिलेले नाही. त्याने दिलेला अर्थ आहे अस्पृश्याचा संसर्ग. उदाहरण म्हणून त्याने एक दोहा दिला आहे. त्यात रत्नांचे भांडार असलेला समुद्र सोडून शंख किनाऱ्यावर येऊन पडतात. मग वाटेल तो त्यांना तोंड लावून फुंकतो आणि त्यांच्या नशिबी भटकंती व विट्टाल एवढेच उरते. शंख स्वच्छच आहे. तो समुद्रात धुतलेला, पांढराशुभ्र, देवापुढे ठेवण्याजोगा आहे. बिघडले ते एवढेच की कुणाचा स्पर्श व्हावा आणि कुणाचा नको, हे त्याच्या हातात राहिले नाही. कुणी म्हणेल की फुंकण्यात थुंकी आली, उष्टेपण आले. आले असेल, पण वैयाकरणाने शब्दाचा अर्थ सांगताना थुंकी सांगितली नाही, माणूस सांगितला. म्हणजे शब्दाचे मूळ 'विट्'पर्यंत नेऊन पोहोचवले, तरी साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीच त्याचा मुक्काम घाणीवरून हलून माणसावर आलेला होता.

त्याच व्याकरणात स्पर्श करणे या अर्थी 'छिव' हा धातू नोंदलेला आहे. आपले 'शिवणे' त्यातून आले. शिवाशीव म्हणजे नुसता स्पर्शास्पर्श. त्या शब्दातही मळाचा कण नाही. आणि शिवणे हे क्रियापद मराठी घरात काय काय करते ते पाहण्यासारखे आहे. बाई पाळीच्या दिवसांत बाजूला बसली की 'तिला कावळा शिवला' असे म्हणत, आणि त्या तीन दिवसांत तिचा हात पाण्याच्या हंड्याला लागू देत नसत. त्याच घरात कुणी वारले की दहाव्या दिवशी सगळी मंडळी घाटावर हात जोडून कावळ्याची वाट पाहत उभी राहतात. पिंडाला कावळा शिवला की सुटकेचा निश्वास पडतो, गेलेल्या जिवाची इच्छा पुरी झाली असे मानतात. पक्षी एक, चोच एक, क्रियापदही एकच. एकीकडे विटाळ आणि दुसरीकडे तृप्ती. कावळ्याच्या चोचीत घाण असती तर ती दोन्हीकडे असती.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. विटाळ हा काही फक्त जातीचा शब्द नाही. तो घरातल्या घरात, रक्ताच्या माणसांतही पाळला जातो, मग त्याला तिरस्कार कसे म्हणायचे? बाळंतिणीचा विटाळ, सोयर, सुतक, पाळी या सगळ्यांत प्रेमाची माणसे बाजूला बसतात. हे खरे आहे, पण यातून आक्षेपापेक्षा मला पुरावाच जास्त मिळतो. भाऊबंद शंभर कोसांवर वारला तरी निरोप कानावर पडताच सुतक लागते. तिथे ना प्रेत समोर असते ना वास. कानावर पडलेल्या निरोपाने लागणारी गोष्ट नाकाची किंवा पोटाची असू शकत नाही. ती नात्याची, म्हणजे समाजाने आखलेल्या हद्दीची गोष्ट आहे. शिवाय या घरगुती विटाळाला मुदत असते. तीन दिवस बसायचे आणि चौथ्या दिवशी न्हायचे, सुतकाचे दहा दिवस, सोयराचे दहा दिवस. दिवस मोजून तो संपतो आणि माणूस पुन्हा पंगतीत येतो. किळसेला अशी मुदत कुणी घालून देऊ शकेल का? आता हेच मोजमाप महारवाड्याला, मांगवाड्याला लावून पाहा. तिथल्या माणसाच्या विटाळाला दिवसच नेमलेले नव्हते. आंघोळ शिवणाऱ्याने करायची आणि तो शुद्ध व्हायचा. ज्याला शिवला त्याने हजार वेळा नदीत बुडी मारली तरी तो जिथल्या तिथे. घरच्या विटाळाने लोकांना या नियमाची सवय लावली, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तो मुदत काढून लावला. एकाच शब्दाने दोन्ही कामे केल्यामुळे दुसरे कामही पहिल्याइतकेच निरुपद्रवी वाटत राहिले.

आता हडपसरकडे येऊ. १८७० च्या दशकात खडकवासल्याच्या धरणाचा मुठा उजवा कालवा हडपसरवरून पूर्वेकडे गेला आणि जिरायती शिवारात ऊस उभा राहिला. याच पट्ट्यात, मांजरीला जोतीराव फुल्यांची शेती होती. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा कंत्राटदार अशी करून दिली होती. उसाला पाणी लागते तसे खतही भरमसाट लागते. जनावरांचे शेणखत पुरणार नव्हते. शेजारी पुणे शहर होते, टोपलीच्या संडासांचे, रोज गाड्या भरून मैला बाहेर काढणारे. हा मैला शहराबाहेर उथळ वाफ्यांत पसरत, केर जाळून झालेली राख त्यावर पेरत, उन्हात वाळवत, वरखाली करत. काही आठवड्यांत त्याचा ओलावा जाई, मग वास जाई, आणि हातात घेतला तर बोटांतून गळेल अशी काळपट, भुसभुशीत माती उरे. नगरपालिका ती विकत असे आणि ऊसवाले शेतकरी ती बैलगाड्यांनी नेत. मांजरीच्या सरकारी शेतावर उसाचे जे प्रयोग झाले त्यांतही हे खत वापरले गेले. लोकांनी त्याला नाव दिले सोनखत. नाव देणाऱ्याने शेतात पडलेला फरक डोळ्यांनी पाहिला असणार, त्याशिवाय सोने हा शब्द तोंडून निघत नाही. त्या उसाचा गूळ पुण्याच्या बाजारात आला, सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात गेला, पुरणात पडला, देवाच्या नैवेद्याला लागला, आणि कुणालाही त्याचा विटाळ झाला नाही. व्हायला नकोच होता. गूळ गुळासारखाच गोड होता.

पण ज्या हातांनी ती टोपली उचलली, गाडीत रिकामी केली, वाफ्यात पसरली, त्यांचे काय झाले? इथे पुन्हा शब्दांनाच साक्षीला बोलवावे लागते. मैला उचलणाऱ्याला आपल्याकडे मेहतर म्हणत. फारसीत मेहतर म्हणजे थोर, वडीलधारा, सरदार. दुसरे नाव होते हलालखोर, म्हणजे हलालाचे, कष्टाचे खाणारा. म्हणजे या व्यवहारात मानाची तीन नावे मिळाली होती: एक खताला आणि दोन माणसांना. सोनखतातले सोने आजही तसेच आहे. शेतकी पुस्तकात तो शब्द बिनदिक्कत छापला जातो. मेहतर आणि हलालखोर मात्र पिढ्यान्‌पिढ्या खाली घसरत गेले आणि शेवटी तोंडावर उच्चारू नये असे शब्द झाले. पदार्थाचे नाव वर राहिले आणि माणसांची नावे बुडाली. किळस घाणीमुळे येते; विटाळ त्याच किळसेचे दुसरे नाव असते, तर उलटे घडायला हवे होते; मैल्याचे नाव बुडायला हवे होते आणि तो दूर करणाऱ्याचे तरायला हवे होते.

यावर एक शास्त्रशुद्ध वाटणारे उत्तर मिळते. आपल्या परंपरेत माती, राख, ऊन आणि काळ ही शुद्धी करणारी द्रव्येच आहेत. मैला मातीत मिळाला, रूप पालटले, म्हणून गूळ शुद्ध. यात विसंगती कुठे आली? उत्तर बरोबर आहे, म्हणूनच ते मला अस्वस्थ करते. परंपरेला मैल्याची शुद्धी कशी होते हे पक्के ठाऊक होते. राखेने भांडी घासणारी, शेणाने जमीन सारवणारी ही परंपरा आहे. मैल्याला राख, ऊन आणि काही आठवडे पुरले. माणसाला मात्र राख, पाणी, ऊन, आयुष्यभराचा काळ, यांतले काहीही पुरले नाही. शुद्धीचे ज्ञान होते, साधने होती, फक्त ती माणसासाठी वापरायची नाहीत असे ठरलेले होते. असे ठरवणे हे नाकाचे काम नाही.

हडपसरच्या इतिहासात या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा १८९७ साली झाली. त्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात प्लेग भडकला. जोतीराव १८९० मध्ये गेले होते. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई ६६ वर्षांच्या होत्या. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. माय-लेकरांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावापासून दूर मोकळ्या रानात, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा आजारी पडला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि मळ्यात आणले. त्या सेवेत त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. मुंढवा ते हडपसर ही वाट आज बसने काही मिनिटांची आहे. साठी उलटलेल्या बाईने तापाने फणफणलेले पोर पाठीवर घेऊन ती कशी तोडली असेल, हे त्या रस्त्याने जाताना मनात आल्यावाचून राहू नये.

इथेच तिसरा आणि सर्वांत टोकदार आक्षेप उभा राहतो. स्पर्शाने रोग जडला, माणूस गेले. मग शिवाशीव पाळणाऱ्या पूर्वजांना काही कळत होते असे नाही का म्हणता येणार? हा युक्तिवाद आजही सुशिक्षित तोंडांतून ऐकू येतो, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. साथीत ठेवायचे अंतर आजाऱ्यापासून असते, मग तो कुणाच्याही पोटी जन्मलेला असो. आणि आजार हटला की ते अंतरही हटते. विटाळाचे अंतर निरोगी माणसापासूनही असते आणि ते कधीच हटत नाही. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले. म्हणजे १८९७ साली पुण्यातल्या सोवळ्याच्या घरांतही रोग धान्याच्या कोठारातून, माळ्यावरून, उंदरांच्या बिळांतून आत येत होता. उंबऱ्यावर राखण चालली होती महारवाड्यातल्या पोराची. उंदराला कुणी 'शिवू नकोस' म्हटले नव्हते. विटाळ हे आरोग्याचे शास्त्र असते तर त्याने मरण रोखले असते. त्याने रोखले ते फक्त त्या पोरापर्यंत पोहोचणारे हात. सावित्रीबाईंनी विटाळ मोडला आणि साथीचा धोका पत्करला. या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्यांच्या घरात हा फरक फार आधीपासून माहीत होता. १८६८ मध्ये आपल्या पुण्याच्या घरातला पाण्याचा हौद जोतीरावांनी अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा कुठली साथ नव्हती; नितळ पाण्याचा हौद होता आणि तहानलेली माणसे होती.

पाण्याची गोष्ट निघाली की महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सोबत्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले. तळ्यावर गुरेढोरे येत होती, त्यांची अडचण नव्हती. माणसे प्यायली आणि तळे बाटले. मग गावच्या सवर्णांनी ते शुद्ध केले. १०८ घागरी, दही, दूध, गाईचे शेण, गोमूत्र आणि मंत्र. किळसेची कसोटी लावायची तर माणसाने ओंजळीने पाणी घेतल्याने काही बिघडत नाही, आणि शेण-मूत्र ओतल्याने बिघडते. विटाळाच्या हिशेबात नेमके उलटे झाले. गाईविषयीची श्रद्धा हा वेगळा विषय आहे आणि ती कुणाची प्रामाणिक असेल. मला एवढेच दाखवायचे आहे की किळस आणि विटाळ एकमेकांच्या थेट विरुद्ध दिशांनी जाऊ शकतात, आणि गेले आहेत.

याच्याही पुढचा पुरावा तुरुंगातून येतो. १९३२ मध्ये आप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी होते. जन्माने ब्राह्मण. त्यांनी संडास साफ करण्याचे काम मागितले आणि अधिकाऱ्यांनी ते नाकारले, कारण ते काम अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कैद्यांचे. आप्पांनी अन्न कमी केले. येरवड्याच्या तुरुंगात, हडपसरहून नदीपलीकडे, महात्मा गांधी होते. आप्पांना पाठिंबा म्हणून त्यांनी ३ डिसेंबर १९३२ रोजी उपोषण सुरू केले आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर सोडले. ज्याला किळस येत नाही, जो आपल्या खुशीने टोपली उचलायला तयार आहे, त्यालाही ती उचलू द्यायची नाही. आणि ज्याला ती नको आहे त्याला जन्माने तीच द्यायची. कामाची घाण हा इथे मुद्दाच नव्हता. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत याच आप्पांनी स्वस्त संडास बांधले, मैल्याचे सोनखत करून दाखवले, मेलेली जनावरे सोलली. मांजरीच्या उसाला जे कळले होते ते एका माणसाने हातांनी सिद्ध केले, आणि त्या हातांनी जेवलाही.

हे सगळे आजच्या चष्म्यातून पाहिलेले आहे, जुन्या माणसांना हा भेद सुचणे शक्य नव्हते, असे कुणी म्हणेल. पण तो सुचला होता, आणि तोही मराठीतच. १३ व्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी जुळवलेल्या लीळाचरित्रात चक्रधर स्वामी पाळीविषयी आपल्या शिष्यांना सांगतात की देहाला जशी इतर द्वारे आहेत तसेच हे एक द्वार; नाकातून, कानातून मळ यावा तसा हाही स्राव, त्याचा विटाळ धरू नये. पाहा, शरीराचा मळ त्यांनी नाकारला नाही. मळ आहे हे मान्य करून विटाळ तेवढा वेगळा काढला. पुढच्या शतकात महार जातीतल्या संत चोखोबांची बायको सोयराबाई यांनी आणखी खोलात हात घातला. सगळे देह ज्यातून जन्मतात तोच विटाळ असेल, तर मग सोवळा देह कुणाचा, असे त्यांनी देवाला विचारले. हा युक्तिवाद बिनतोड आहे. त्याचे उत्तर कुणी दिले नाही, त्यांना पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराबाहेर ठेवले एवढेच. दरवर्षी आषाढात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्याहून निघून हडपसरला येतात आणि इथून दोन वाटा फुटतात. माउलींची पालखी सासवडच्या रस्त्याने दिवेघाटाकडे जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. दोन्ही वाटा पुन्हा त्याच महाद्वाराशी पोहोचतात, जिथे चोखोबांची समाधी बाहेर आहे. ते दार सगळ्यांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. त्यांच्या नावाचा दवाखाना पुढे याच हडपसरमध्ये उभा राहिला.

राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ मध्ये तिच्या आचरणाविरुद्ध कायदा आला. कायद्याचे मोल मी तसूभरही कमी करत नाही. पण भाषेच्या बाजूने एक गोष्ट घडली. आपण सभ्य लिखाणात विटाळ सोडून अस्पृश्यता म्हणू लागलो. अस्पृश्यता हा भाववाचक शब्द. त्याने असे वाटते की तो समोरच्या माणसाचाच काही गुण होता, त्याला चिकटलेला. विटाळ हा शब्द क्रूर आहे, पण व्याकरणात प्रामाणिक आहे. तो पाळावा लागतो, म्हणजे पाळणारा कुणीतरी असावा लागतो. इतिहास लिहिताना हा कर्ता वाक्यातून नाहीसा होऊ देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

किळसेची बाजूही घ्यायलाच हवी. जुगुप्सा हा शब्द 'गुप्', म्हणजे राखणे, या धातूपासून येतो. स्वतःला राखण्याची इच्छा हा त्याचा गाभा. किळस हा देहाचा राखणदार आहे आणि हडपसरच्या आसपासच्या लोकांना त्याचा अर्थ कुणी शिकवायला नको. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडला टाकत. १९९१ पासून तो हडपसरच्या पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत येऊन पडू लागला. ढीग वाढले, पेटले, विहिरींचे पाणी नासले, गावांना टँकर लागले. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हा त्यांची किळस रास्त होती, आणि तिच्यावर उपायही ठरलेला होता: ओले-सुके वेगळे करा, प्रक्रिया करा, ढीग हटवा, पाणी द्या. किळस कारण हटले की शांत होते. तिला खोटे ठरवून विटाळाविरुद्ध लढता येत नाही. दोन्ही वेगळे ओळखता आले तरच लढता येते.

आणि हा कचरा वेगळा करणारे हात कुणाचे? पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना झाली. तिने नाव घेतले कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यात जात नाही, मालाची नावे आहेत, आणि हलालखोरातले कष्ट पुन्हा मानाने आले आहेत. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. या कामातल्या बहुतांश स्त्रिया दलित समाजातल्या आहेत. म्हणजे वेतन, ओळखपत्र, हातमोजे यांची भाषा बदलली तरी टोपली बरीचशी त्याच वाड्यांतून उचलली जाते. मगरपट्टा, अमनोरा ही नवी नगरे उभी राहिल्यापासून हडपसरचा ऊस गेला आणि तिथे मोठमोठ्या सोसायट्या आल्या. त्यांच्या आवारात आता खतखड्डे असतात. भाजीची देठे, आंब्याच्या साली, शिळी पोळी महिना-दीड महिन्यात काळसर होते, ओल्या मातीचा वास येतो, आणि रहिवासी ती हाताने तुळशीच्या कुंडीत घालतात. १९७२ च्या दुष्काळात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरून जो प्रश्न विचारला तो पाण्याचा होता: गावात विहीर एकच आहे की दोन? ससाणे मळ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या या आवारांत तो विचारायचा तर असा विचारावा लागेल. उन्हाळ्यात सकाळी दहा वाजता, चौथ्या इमारतीचे डबे रिकामे करून झाल्यावर, त्या बाईने पाणी मागितले तर ते कोणत्या भांड्यातून मिळते, आणि ते भांडे नंतर कुठे ठेवले जाते?